वुडस्टॉक आठवताना कुंपणही आठवावे

संपादक महोदय,

ऑगस्ट आला की अमेरिकेतल्या १९६९ च्या वुडस्टॉक संगीत महोत्सवावर लेख येतात आणि बहुतेकांत चिखल, लांब केस आणि शांततेच्या घोषणाच असतात. ऐन वेळी तिथली व्यवस्था कुठे कोलमडली आणि कुठे तगली, हेही लिहिले जावे.

महोत्सव आधी जिथे ठरला होता त्या न्यूयॉर्क राज्यातील वॉलकिल गावाने परवानगी नाकारली १५ जुलै १९६९ रोजी आणि कार्यक्रम होता १५ ऑगस्टला. उरल्या महिन्यात त्याच राज्यातल्या बेथेल येथील दूधव्यावसायिक मॅक्स यासगर यांच्या शेतावर सारे नव्याने उभारायचे होते. रंगमंच आणि कुंपण दोन्ही वेळेत होईनात, तेव्हा आयोजकांनी रंगमंच धरला. सुमारे १,८६,००० तिकिटे आधीच खपली होती. माणसे आली चार लाखांवर. ज्या मोफत प्रवेशाची एवढी महती गातात, त्याचे मूळ या अर्धवट कुंपणात आहे. स्वच्छतागृहे सुमारे ६००, म्हणजे एकामागे साडेसहाशेहून जास्त माणसे!

रंगमंच फिरता होता. पुढे एक वादकसंच वाजवत असताना मागच्या अर्ध्या भागात दुसऱ्याचे सामान लावायचे आणि मंच फिरवायचा, अशी योजना. पण सामानाच्या वजनाने खालची चाके मोडली. मग प्रत्येक वेळी सगळे हाताने हलवणे आले. त्यात रविवारी वादळाने काही तास खाल्ले. गिटारवादक जिमी हेंड्रिक्स मंचावर आले ते सोमवारी सकाळी, बरेचसे मैदान रिकामे झाल्यावर.

बिल हॅन्ली यांची ध्वनियोजना मात्र टिकली. त्यांनी ध्वनिक्षेपक उंच मनोऱ्यांवर चढवून टेकडीच्या उताराकडे रोखले होते, त्यामुळे पुढच्यांचे कान न फाटता आवाज मागपर्यंत गेला.

शुक्रवारी रात्री पं. रविशंकर आणि उस्ताद अल्लारखाँ पावसात वाजवत होते. दमट हवेत तबल्याची पुडी उतरते, सतारीच्या तारा जागेवर राहत नाहीत. सूर राखणे किती कठीण गेले असेल! तानपुऱ्यावर माया कुलकर्णी होत्या. मराठी लेखांत तरी त्यांचे नाव आवर्जून यावे.

अन्न संपत आले तेव्हा 'हॉग फार्म' या हिप्पी समूहाच्या मंडळींनी ओट्स आणि दलिया शिजवून फुकट वाटला. याउलट, १९९९ मध्ये त्याच नावाचा महोत्सव न्यूयॉर्क राज्यातल्याच रोम शहरातील जुन्या हवाई तळावर झाला. कडक ऊन, पायाखाली तापलेले डांबर आणि पाण्याची बाटली ४ डॉलरला. तिथे शेवटच्या रात्री आगी लागल्या.

– ध्वनिव्यवस्थेत काम करणारा एक वाचक, पुणे