ऐरण भंगारात घालू नकोस

बाळ्या,

आधी शिव्या घालून घे, मग वाच. अण्णा गेले तेव्हा आलो नाही, नंतर फोन करायचं धाडस झालं नाही, मग म्हटलं दिवाळीला करू, असं करत दीड वर्ष गेलं. माझी तब्येत बरी, शुगर काठावर, विषय संपला.

मध्यंतरी ग्रुपवर तू अण्णांच्या ऐरणीचा फोटो टाकून 'किलोचा काय भाव चालूय' विचारलंस ना, त्याच दुपारी मी इथे जपानात क्योटोला होतो. ऑफिसची ट्रिप. निशिकी नावाची मंडई आहे, आपल्या मंडईसारखीच चिंचोळी, फक्त कोणी ओरडत नाही. तिथे आरित्सुगु म्हणून सुऱ्यांचं दुकान आहे, 1560 पासूनचं. म्हणजे महाराजांच्या जन्माच्या सत्तर वर्षं आधीचं रे! मूळचे तलवारी घडवणारे. 1603 ला तोकुगावा घराण्याचं राज्य आलं, पुढे अडीचशे वर्षं लढाया जवळजवळ बंदच, मग तलवार घेणार कोण? त्यांनी स्वयंपाकाच्या सुऱ्या धरल्या, मूर्तिकारांच्या छिन्न्या धरल्या. 1876 ला सरकारने कमरेला तलवार लावायलाच बंदी घातली, तोवर हे कधीच भाजीत पोचलेले.

आणि मला आठवलं 2011, पारावर बसून मी शहाण्यासारखं बोललो होतो, 'बाजारात वीस रुपयाला सुरी मिळते, अण्णांची विळी कोण घेणार, बंद करा तो भाता.' तू तीन महिने बोलला नाहीस. (सायकलचं भांडण वेगळं, त्यात चूक तुझीच होती, आजही म्हणतो.) अण्णा आतून ऐकत होते हे मला नंतर कळलं. ते माझ्या मनातून जात नाही बघ.

तर मी सुरी घेतली. घेतली की ते तिथल्या तिथे छिन्नीने पात्यावर नाव कोरून देतात, आपल्याकडे भांड्यावर घालतात तसं. तोंडातून 'अण्णा' गेलं. त्यांच्या लिपीत ते होतं 'आन्ना', आणि ते तिकडे बाईचं नाव! म्हातारा गालात हसला, त्याला वाटलं बायकोसाठी घेतोय. अण्णा असते तर पानाची पिंक आवरली नसती.

पण पातं बघ तू. मऊ लोखंडाला कडक पोलादाची पट्टी भट्टीत जोडलेली, धार एकाच बाजूने, ऐरणीवर जोडलेली रेघ ढगासारखी दिसते. अण्णा कोयत्याला गाडीच्या कमानपाट्याचं पोलाद जोडायचे तेच की! पाणी देताना ते दार लावून घ्यायचे, तापलेल्या पात्याचा रंग अंधारात कळतो म्हणून, इथलेही अंधारच करतात. मी मात्र पहिल्याच रविवारी त्या सुरीने मटणाचं हाड तोडायला गेलो, टवका उडाला. रात्रभर ओली ठेवली, सकाळी तांबडा गंज. अण्णांची शिवी कानात आली, ती तुला माहितीये, लिहीत नाही.

मग साकाईला जाऊन आलो, ओसाकाजवळच आहे. पोर्तुगीजांबरोबर तंबाखू आली, ती केसासारखी बारीक चिरायला सुऱ्या लागल्या, त्या करून हे गाव मोठं झालं, खुद्द शोगुनचा, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या राज्यकर्त्याचा, शिक्का त्यावर. तिथे घडवणारा वेगळा, धार लावणारा वेगळा, मूठ बसवणारा वेगळा. अण्णा तिन्ही कामं एकटे करायचे आणि वर उधारीही स्वतःच वसूल करायचे, म्हणजे करायचे नाहीतच. मला हेच सारखं वाटतंय, त्यांना नुसता धार लावणारा एक माणूस मिळाला असता तर? की हे मी आता स्वतःची सुटका म्हणून बोलतोय? तू सांग, तू भाता ओढलायस.

तुला धंदा चालव म्हणत नाहीये, तोंडच नाही मला. बँकेतलं प्रमोशन झालं म्हणे, अभिनंदन, पिंकीची दहावी, वहिनींचा गुडघा, सगळं नंतर बोलू. फक्त भंगारवाल्याला थांबव. ऐरण मी घेतो, त्याच्या दुप्पट भावाने, मे महिन्यात येतोय. आणि अण्णांचा तो मोराचा ठप्पा, विळीवर मारायचे तो, भात्यामागच्या कोनाड्यात असायचा. आधी तो आहे का बघ आणि मला फोटो पाठव.

तुझा,
संज्या