छळ दोन मुलांमधला नसतो, वर्गाचा असतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळा सुरू झाल्या की प्रवेश, फी, पुस्तकं, रिक्षाचं भाडं यांवर वृत्तपत्रांत भरपूर लिहिलं जातं. वर्गातल्याच मुलांकडून रोज छळ सोसणाऱ्या मुलांबद्दल मात्र एखादी भयंकर घटना घडेपर्यंत कोणी काही लिहीत नाही. मी आयुष्यभर शाळेत शिकवलं. त्या आधारावर एक गोष्ट ठामपणे सांगते. हा प्रश्न ‘त्या दोघांमधला’ समजून मिटवायला गेलं की तो हमखास चिघळतो.

भांडण वेगळं आणि छळ वेगळा. भांडणारी मुलं तुल्यबळ असतात, दुपारी गचांडी धरतात आणि संध्याकाळी एकाच संघातून क्रिकेट खेळतात. छळात एक बाजू कायम वरचढ असते. कधी अंगापिंडाने, कधी जातीने, कधी वडिलांच्या पैशाने, तर कधी नुसत्या टोळक्याच्या जोरावर. आणि तो मुद्दाम, पुन्हा पुन्हा होतो. या विषयाच्या अभ्यासाचा पाया घालणारे नॉर्वेचे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी याच खुणा सांगितल्या आहेत. १९८२च्या अखेरीस उत्तर नॉर्वेत तीन शाळकरी मुलांनी जीव दिला. त्यामागे सोबत्यांकडून झालेला छळ असावा असं दिसल्यावर पुढच्याच वर्षी तिथल्या सरकारने देशभर मोहीम सुरू केली. बर्गन परिसरातल्या ४२ शाळांमधल्या सुमारे अडीच हजार मुलांचा ओल्वेयस यांनी पाठपुरावा केला. दोन वर्षांत छळाचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं होतं. म्हणजे ‘मुलांमध्ये हे चालायचंच’ हे खरं नाही.

आपल्याकडे याची सुरुवात बहुतेक वेळा नावं ठेवण्यापासून होते. जाड्या, काळी, चष्मिस, तोतऱ्या. मग डबा लपवणं, वहीवर शाई सांडणं, व्हॅनमध्ये मागच्या सीटवर चिमटे काढणं. मुलींमध्ये ‘तिच्याशी कोणी बोलायचं नाही’ असा फतवा निघतो. त्यात कुणाला ओरखडाही उमटत नाही, म्हणून मोठ्यांना तो दिसतच नाही. हल्ली त्याच मुलीच्या चेहऱ्याचं स्टिकर करून व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरवतात, तेव्हा घरी आल्यावरही सुटका नसते. पंचवीस टक्के राखीव जागांवर आलेल्या मुलांना वडिलांच्या कामावरून, भाषेवरून काय काय ऐकावं लागतं, ते त्या वर्गांना शिकवणारे शिक्षक जाणतात.

मूल स्वतःहून सांगत नाही. ‘चुगलखोर’ ठरण्याची भीती असते, शिवाय सांगून काही होईल यावर त्याचा विश्वास नसतो. सांगतं ते त्याचं शरीर. सोमवारी सकाळी पोट दुखतं, डबा तसाच परत येतो, पैसे ‘हरवतात’. एक लक्षण पालकांनी जरूर पाहावं. मूल शाळेतून आल्या आल्या स्वच्छतागृहाकडे धावतं का? शाळेतलं स्वच्छतागृह ही शिक्षकांची नजर न पोहोचणारी जागा आहे. तिथे गाठलं जाण्याच्या भीतीने मुलं दिवसभर पाणी पीत नाहीत.

अशा मुलाला ‘दुर्लक्ष कर’ किंवा ‘तूही दे एक ठेवून’ असं सांगणं म्हणजे त्याला पुन्हा एकटं पाडणं. ‘तू काय केलं होतंस?’ हा प्रश्न तर विचारूच नये. शांतपणे ऐकावं, चूक तुझी नाही हे स्पष्ट सांगावं, कुठे, केव्हा, कोणासमोर घडलं ते लिहून ठेवावं आणि ते घेऊन वर्गशिक्षकांना भेटावं. फाटकाशी दुसऱ्या मुलाच्या आईवडिलांना गाठून जाब विचारला, की त्याचा हिशेब दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आपल्याच मुलाकडून चुकता केला जातो.

शाळेत तर दोघांना समोरासमोर उभं करून ‘सॉरी म्हण, हात मिळवा’ असं म्हणण्याची फार जुनी सवय आहे. ती सोडली पाहिजे. बळ सारखं नसताना समेट होत नाही. दुबळ्याने आणखी गप्प बसावं एवढंच होतं. त्रास देणाऱ्याला छड्या मारूनही काही साधत नाही. कित्येकदा तो स्वतः घरी मार खाणारा असतो. त्याच्याशी वेगळं, एकट्याने बोलावं आणि ते बोलणं आठवडाभराने पुन्हा करावं.

पण खरी किल्ली बघणाऱ्या मुलांकडे आहे. कॅनडातल्या संशोधकांनी शाळेच्या मैदानांवर चित्रीकरण करून २००१मध्ये निष्कर्ष मांडले. छळाच्या दर दहा प्रसंगांपैकी जवळपास नऊ प्रसंगांत इतर मुलं तिथे हजर होती. त्यांपैकी कोणी मध्ये पडलं असे प्रसंग पाचांत एक. मात्र जेव्हा कोणी पडलं, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा दहा सेकंदांच्या आत प्रकार थांबला! फिनलंडमधला ‘किवा’ हा शालेय कार्यक्रम याच बघ्यांना धरून रचलेला आहे. बघणाऱ्याने हाणामारीत उतरावं असं कोणी म्हणत नाही. न हसणं, एकट्या पडलेल्याला डबा खायला शेजारी बोलावणं, बाईंना जाऊन सांगणं एवढं सातवीतल्या मुलाला सहज जमतं. संकटातल्या मित्रासाठी सांगणं म्हणजे चुगली नव्हे, हे शिक्षकांनी वर्गात उघड म्हटलं, की मुलं सांगू लागतात. हे मी माझ्या वर्गांत पाहिलं आहे.

महाविद्यालयांतल्या रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्रात १९९९पासून कायदा आहे. सीबीएसईने २०१५मध्ये आपल्या शाळांना छळविरोधी समित्या नेमायला सांगितलं. शिक्षण हक्क कायद्यानुसार सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. म्हणजे पालकांना विचारण्याची जागा आहे. वर्षाच्या पहिल्याच सभेत त्यांनी मुख्याध्यापकांना विचारावं: मधल्या सुट्टीत जिन्यावर आणि स्वच्छतागृहाजवळ कोणत्या शिक्षकांची पाळी आहे? व्हॅनमध्ये चालकाखेरीज कोणी मोठं माणूस असतं का? तक्रारपेटी कोण उघडतं, आणि किती दिवसांनी?

एक विनंती आपल्यालाही. मुलांच्या मदतीसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ आणि मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानसचा १४४१६ हे दोन्ही क्रमांक विनाशुल्क आहेत, दिवसरात्र चालू असतात. आपल्या बालपुरवणीत ते दर आठवड्याला, मुलांना वाचता येतील अशा मोठ्या अक्षरांत छापावेत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा