पाळणाघर ५० माणसांवर अडलंय

संपादक महोदय,

गेल्या आठवड्यात इथे गोव्यात कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत अकाउंट्सच्या पोस्टसाठी इंटरव्ह्यूला गेले होते. मी २०१६ साली नोकरी सोडली, तेव्हा मुलगा सात महिन्यांचा, मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या, मग मुलगी झाली, असं करता करता वर्षं गेली. समोर बसलेला मुलगा माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरी लहान असेल, बायोडेटा चाळत म्हणाला, 'मॅडम, इतकी वर्षं काहीच केलं नाही?'

आता सासूबाईंच्या इन्सुलिनच्या वेळा बायोडेटात थोड्याच लिहिणार! पण त्याचं पुढचं जास्त लागलं, 'तुमच्या वेळी व्हॅट होता, आता सगळं जीएसटी आहे.' अरे बाबा, नणंदेच्या हार्डवेअरच्या दुकानाची रिटर्न्स मीच भरते, ११ तारखेच्या आत विक्रीचं जीएसटीआर वन, २० च्या आत कर भरायचं थ्री बी, मुलीला मांडीवर घेऊन ओटीपीची वाट बघत. पण पगाराची स्लिप नाही ना, मग तो अनुभव नाही. पगार सांगितला तो फ्रेशरचा, २०१६ ला हातात यायचा त्याहून कमी.

तरी मी हो म्हणणार होते. अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. मुलगी बालवाडीतून साडेबाराला सुटते, मुलाची शाळा दीडला आणि ऑफिस साडेपाचपर्यंत. पाळणाघर आहे का विचारलं तर म्हणे आमची ३८ माणसं, कायदा ५० पासून लागतो. बरोबर आहे त्याचं. २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायदा बदलला तेव्हा बाळंतपणाची रजा १२ आठवड्यांवरून २६ वर गेली आणि ५० किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं, आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाता येतं. पण त्या ३८ मध्ये गेटवरचे सिक्युरिटीवाले आणि पॅकिंगच्या कंत्राटी बायका धरलेल्याच नव्हत्या, हे त्याच्याच बोलण्यातून कळलं. त्यातली एक मला बाहेर बसस्टॉपवर भेटली, तिची धाकटी घरी मोठीच्या भरवशावर, आणि मोठी स्वतः नऊ वर्षांची.

आमच्या वसाहतींत लहान लहान युनिट्सच जास्त, प्रत्येकाने ३८ वर बोट ठेवलं की झालं, कोणावरच काही नाही. खरं तर पाळणाघर स्वतंत्र असो की इतरांबरोबर सामायिक, दोन्ही चालतं असं त्याच कायद्यात लिहिलंय. रस्ता सामायिक, पाण्याची लाईन सामायिक, मग कुंडईला, वेर्णाला वसाहतीत एक पाळणाघर सगळ्यांनी मिळून चालवायला काय हरकत आहे, आणि ५० चा आकडा वसाहतीचा मिळून का धरू नये, हे उद्योग खात्याने सांगावं. सरकारच्या गृह आधार योजनेत गृहिणींना मिळतात ते पैसे येतात, ते नकोत असं नाही हां, पण संध्याकाळपर्यंत मुलीला बघणारं कोणी त्यात मिळत नाही.

कंपनीने सोमवारपर्यंत कळवायला सांगितलंय. शेजारच्या काकी मुलीला ठेवून घ्यायला तयार आहेत, पण गणेश चवथीपर्यंतच, नंतर त्या मुंबईला लेकीकडे जाणार, तिची डिलिव्हरी आहे.

एक वाचक, फोंडा