उद्यमनगरच्या मामांना, तीन कार्बोरेटरच्या गाडीबद्दल

ती. मामांस,
साष्टांग नमस्कार.

रविवारी गाडी ट्रॅकवर पळाली. गुडघ्यामुळे तुम्हाला येता आलं नाही, म्हणून तिथं काय झालं ते आधी तुम्हालाच कळवायचं होतं. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही ‘बरं बरं’ म्हणून ठेवून देता. शिवाय तिथं चार-पाच जणांनी बॉनेटमध्ये डोकं घालून मला एकच प्रश्न विचारला, “हा मॅनिफोल्ड कुठनं आणला?” मॅनिफोल्ड म्हणजे कार्बोरेटर इंजिनला जोडणारा पाइपांचा भाग. त्याचं उत्तर सगळ्यांना कळावं असं वाटलं, म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे. तुमचं नाव घालू नको म्हणालात, ते पाळलंय. नात वाचून दाखवेलच.

बाबांची 1996 ची मारुती 800 ते गेल्यावर दोन वर्षं दारात उभी होती. भंगारात द्यायला मन होईना. इंजिन उघडून बसवायचंच आहे तर ते वेगळ्या तऱ्हेनं बसवू, असं माझ्या डोक्यात आलं. या गाडीचं इंजिन 796 सीसीचं आणि सिलिंडर तीन, म्हणजे एका सिलिंडरच्या वाट्याला 265 सीसी येतात. सव्वादोनशे सीसीच्या बाइकला जो कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग) पुरतो, तो यातल्या एका सिलिंडरच्या मापाला जवळपास बसतो. मूळ गाडीत एकच कार्बोरेटर तिघांना वाटून पुरवतो. मला प्रत्येकाला त्याचा त्याचा हवा होता. जुन्या बाजारात एकाच मॉडेलच्या बाइकचे तीन कार्बोरेटर जमवायला चार महिने गेले, आणि ते हेडला, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाला, जोडणारा मॅनिफोल्ड कुठं विकतच मिळत नाही हे त्यानंतर उमगलं. दोन गॅरेजवाल्यांनी मला हसून परत पाठवलं. तिसऱ्यानं तुमच्या शेडचा पत्ता दिला.

पहिल्या दिवशी तुम्ही माझं ड्रॉइंग उलटं-सुलटं करून बघितलंत. तीन तोंडं, तीन पाइप, सहा स्टड, सगळं मापात होतं. मग जुना मॅनिफोल्ड हातात घेऊन त्याच्या कडेच्या भोकात करंगळी घातलीत आणि विचारलंत, “पोरी, पाणी कुठनं जाणार?”

मामा, त्या एका प्रश्नानं माझं इंजिन वाचलं. मूळ मॅनिफोल्डमधून हवा-पेट्रोलच्या जोडीनं इंजिनचं गरम पाणीही फिरतं, हे माझ्या डोळ्यांसमोर असून मला दिसलं नव्हतं. ते तोंड तसंच बंद केलं असतं तर हेड तापून वाकलं असतं. त्या पाण्यासाठी फ्लँजवर, म्हणजे हेडला टेकणाऱ्या जाड पट्टीवर, वेगळी डबी वेल्ड करून नळी तिला बसवायची, हे तुम्ही खडूनं जमिनीवर काढून दाखवलंत. तो खडूचा आराखडा मी फोटो काढून ठेवलाय.

माप गॅस्केटवरून घेऊ नको, हेही तुमचंच. गॅस्केटची भोकं हेडच्या तोंडापेक्षा थोडी मोठीच असतात. तुम्ही हेडवर पुठ्ठा धरलात आणि गोल तोंडाच्या हातोडीनं कडेकडेनं हलक्या टपल्या मारत गेलात. पुठ्ठा तोंडाच्या धारेवर आपोआप कापला गेला. ते तीन पुठ्ठ्याचे तुकडे अलगद आत पडले तेव्हा मला फार भारी वाटलं होतं.

आणि तरीही पहिला मॅनिफोल्ड वाया गेला. फ्लँजची 10 मिलिमीटरची पट्टी मी स्वतः कापली, कानस मारली, भोकं पाडली, आणि घाईनं बाहेरच्या एका वेल्डरकडून पाइप एका दमात जोडून घेतले. मोठ्या आनंदानं तुमच्याकडे आणला. तुम्ही काहीच बोलला नाहीत. स्टीलची मोजपट्टी फ्लँजवर उभी ठेवलीत, दाराकडे तोंड करून वर धरलीत आणि मला जवळ बोलावलंत. दोन्ही टोकांना मोजपट्टी टेकली होती आणि मधे, दोन नंबरच्या तोंडाशी, उजेडाची एक बारीक रेघ होती. फट मोजायचं फिलर गेज घातलं तर 0.4 मिलिमीटरचं पातं सहज गेलं. वेल्डिंगच्या उष्णतेनं फ्लँज धनुष्यासारखा वाकला होता. तिथून हवा शिरली असती, दोन नंबरच्या सिलिंडरला पेट्रोल कमी पडलं असतं आणि कार्बोरेटरमध्ये दोष शोधत मी महिनोन् महिने घालवले असते.

मला रडू येत होतं. तुम्ही चहा मागवलात आणि म्हणालात, “पट्टी दोनशे रुपयांची हाय. शिकलीस ते धर.” मग कोपऱ्यातलं एक निकामी हेड ओढून काढलंत. दुसऱ्या वेळी नवा फ्लँज त्या हेडवर नटांनी घट्ट आवळून मगच वेल्डिंग झालं. आधी सगळ्या पाइपांना चार-चार टॅक (वेल्डचे ठिपके), मग इथं बोटभर, तिथं बोटभर, एक नंबर, तीन नंबर, दोन नंबर असं फिरत, मधे गार होऊ देत. पूर्ण थंड होईपर्यंत नट सोडायचे नाहीत. मी रात्री साडेनऊपर्यंत थांबले होते आणि तुम्हीही घरी गेला नाहीत. सकाळी सरफेस ग्राइंडरवर वरचा थोडासाच थर गेला आणि मोजपट्टीखालचा उजेड बंद झाला.

पाइप कुठल्या कोनात बसवायचे यावर आपला वाद झालेला आठवतो का? मला ते सरळ हवे होते, दिसायला छान. तुम्ही चहाचा ग्लास तिरका केलात. “ग्लास कलला तरी चहा सपाटच राहतो बघ. फ्लोटची वाटी कलली की पेट्रोलची पातळी चुकली.” फ्लोटची वाटी म्हणजे कार्बोरेटरमधली पेट्रोल साठवणारी छोटी वाटी. बाइकवर कार्बोरेटर जेवढा कललेला असतो तेवढाच तो गाडीतही बसायला हवा, हे त्या ग्लासानं पटलं. पाइप पुन्हा कापले.

पण मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट म्हणजे त्या तीन पुल्या. एका अॅक्सिलरेटरनं तिन्ही कार्बोरेटर सारखेच उघडायला हवेत, त्यासाठी एका रॉडवर तीन छोट्या पुल्या आणि प्रत्येकीला एक केबल. मी तीन तुकडे आणले होते. तुम्ही ते बाजूला ठेवलेत, एकच सळई लेथच्या चकमध्ये (पकडीत) धरलीत, तिन्ही खाचा एकाच बैठकीत, एकाच टूलनं पाडल्यात आणि शेवटी पुल्या कापून वेगळ्या केल्यात. चकमधून सळई निघालीच नाही, मग व्यास वेगळे येणार कुठून? डिप्लोमाच्या तीन वर्षांत मी हे वाचलं नक्की असेल. लेथच्या शेजारी उभी राहून बघितलं तेव्हा कळलं.

पेट्रोलचं मात्र मी स्वतः ओळखलं, तुम्ही फक्त मान हलवलीत. पहिल्यांदा स्टार्टर मारला आणि तिन्ही ओव्हरफ्लो नळ्यांतून धार लागली. बाइकला टाकी वर असते, पेट्रोल स्वतःच्या वजनानं उतरतं, तो दाब चौरस इंचाला अर्ध्या पौंडाच्या आसपास. गाडीचा पंप त्याच्या कितीतरी पट जोरानं ढकलतो आणि पेट्रोल अडवणाऱ्या फ्लोटच्या सुईला ते आवरत नाही. रेग्युलेटर बसवून दाब उतरवला, उरलेलं पेट्रोल परतीच्या नळीनं टाकीत सोडलं. ते होईपर्यंत तुम्ही वाळूची बादली आणि फायर एक्स्टिंग्विशर माझ्या पायाशी ठेवून स्टुलावर बसून होतात.

आणि मग ती गवंड्याची नळी. तीन कार्बोरेटर एकमेकांशी जुळवायचं यंत्र महाग होतं. शेजारी बांधकाम चालू होतं, तिथून तुम्ही लेव्हल बघायची पारदर्शक नळी मागून आणलीत, यू आकारात फळीवर ठोकलीत, निम्मी ऑइलनं भरलीत आणि दोन टोकं दोन पाइपांवरच्या निपलना लावलीत. ज्या सिलिंडरची ओढ जास्त, तिकडचं ऑइल वर चढतं. आधी एक आणि दोन, मग दोन आणि तीन. स्क्रू पाव फेरा, थांबायचं, पुन्हा पाव फेरा. दोन्ही बाजूंचं ऑइल समान उंचीला आलं आणि इंजिनची थरथर थांबली. बोनेटवर ठेवलेला तुमचा चष्मा तोवर खडखडत होता, तो गप्प झाला. आपण दोघांनी एकदमच चष्म्याकडे बघितलं.

पैशांचं बोलले तर तुम्ही रागावता. ग्राइंडिंगचे, लेथचे, निदान विजेचे तरी घ्या म्हणाले होते, तेही घेतले नाहीत. पण मामा, मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते वेगळंच आहे. नऊ रविवारांत तुम्ही माझ्या हातातली कानस एकदाही काढून घेतली नाहीत. तुमच्या हातानं अर्ध्या तासात झालं असतं ते काम मी तीन तास करत होते आणि तुम्ही शेजारी उभे होता. आज त्या मॅनिफोल्डची प्रत्येक कड मला पाठ आहे, ती त्यामुळेच. बाबांच्या गाडीत माझ्या हातचं काहीतरी राहिलं, हे तुमच्यामुळे झालं. त्याबद्दल मी तुमची मनापासून, कायमची ऋणी आहे.

हे वाचून कुणाला असं करावंसं वाटलं तर एक सांगते. ही गाडी मी रस्त्यावर चालवत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार गाडीच्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयानंही 2019 मध्ये हेच स्पष्ट केलं आहे. म्हणून ती टेम्पोत चढवून बंद ट्रॅकवर नेते. तुम्ही पहिल्या दिवशी तेवढी एकच अट घातली होती.

आता रविवारचं. बारा फेऱ्या झाल्या. पायाखाली जरा दाबलं की लगेच उठते, मधला तो आळस गेलाय. वळणातून बाहेर पडताना तिन्ही तोंडांचा एकत्र आवाज येतो, तो रेकॉर्ड केलाय. इंजिन गार झाल्यावर तुम्ही सांगितल्याप्रमाणे सहाही नट पुन्हा तपासले, फक्त एकच पाव फेरा फिरला. मग इंजिन चालू करून फ्लँजच्या कडेनं क्लीनर मारून बघितला, आवाज जराही बदलला नाही, म्हणजे हवा कुठूनच शिरत नाही. पाण्याच्या डबीखाली कागद ठेवला होता, तो कोरडा निघाला.

तिन्ही स्पार्क प्लग काढून, नंबर घालून, वेगवेगळ्या कागदात गुंडाळून ठेवलेत. एक आणि तीन चहाच्या रंगाचे आहेत. दोन नंबरचा मला अजून थोडा पांढरट वाटतोय, म्हणजे तिथं पेट्रोल कमी पडत असावं; जेट (पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) एक नंबरनं वाढवावा का ते ठरत नाही. गुरुवारी सुट्टी आहे, संध्याकाळी पाचला प्लग घेऊन येते. उजेड असेपर्यंत बघून घ्या.

तुमची,
800 वाली पोरगी