जाळ्यात अडकलेल्याला काय आठवावं

टिळकवाडी, बेळगाव
आषाढ, भर पावसात

प्रिय बापू,

तुझ्या 'दर्याधर' या चित्रकथेची पानं मिळाली. वाचली, मग पोरीला दिली, मग तिच्याकडून हिसकावून घेऊन परत वाचली. चित्रं झकास. गोष्ट निम्मी झकास. हे पत्र उरलेल्या निम्म्याबद्दल आहे, तेव्हा चहा करून घे आणि बस. गोड बोलायचं असतं तर फोनच केला असता.

भूगोलापासून सुरू करतो, कारण तिथं तू आपल्या खानापूर तालुक्याची लाज काढलीस. पोरगा कणकुंबीला मलप्रभेच्या उगमात उडी मारतो आणि पुढच्याच चौकटीत कारवारच्या समुद्रात डोकं वर काढतो! अरे, मलप्रभा पूर्वेला जाते. त्या पाण्यातनं निघालेला पोरगा खानापूर मागं टाकून आधी नविलतीर्थच्या धरणाला थडकणार. तिथनं सुटला तर कूडलसंगमला कृष्णेत, मग नारायणपूर, श्रीशैलम, नागार्जुनसागर अशा भिंती ओलांडत बंगालच्या उपसागरात. कारवार बघायला त्याला कन्याकुमारीचा वळसा घालावा लागेल. तोवर तुझा खलनायक म्हातारा होऊन मरेल.

त्यापेक्षा त्याला म्हादईत घाल. तीही आपल्याच तालुक्यातली, देगावजवळ उगवणारी. भीमगडच्या रानातनं, वज्रपोह्याच्या धबधब्यावरनं उडी मारून पश्चिमेला उतरते, गोव्यात मांडवी होते आणि पणजीला समुद्राला मिळते. पणजीहून कारवारपर्यंत पोहणं सुपरहिरोला जड नाही. एकाच तालुक्यातलं पाणी, थोडं पूर्वेच्या समुद्राला जाणारं, थोडं पश्चिमेच्या. हे आपल्याला आयतं मिळालंय आणि तू ते एका चौकटीत उडवून लावलंस. फक्त म्हादईवरनं तीन राज्यांचं जे भांडण चाललंय त्यात त्याला ओढू नकोस. बिचारा एका बाजूचा ठरला, तर दुसऱ्या भागाला निम्मे वाचक गेलेले असतील.

आता पाण्याखालचं. तळाशी लढताना त्याच्या कमरेचा शेला लालभडक झळकतोय. पाणी पहिल्यांदा लाल रंगच गिळतं. दहा-पंधरा मीटर खाली गेलं की लाल कापड काळपट करडं दिसतं, जखमेतलं रक्तसुद्धा हिरवट-काळं. चूक काढायची म्हणून हे सांगत नाही. तुझ्या कामाला येईल म्हणून सांगतोय. जाळं वर ओढलं जातंय ती पानं आठव. तळाशी शेला काळा ठेव. जाळं वर सरकेल तसा चौकटीगणिक तो तांबूस, मग लाल, आणि ट्रॉलरच्या डेकवर उन्हात भडक. नायक मरणाकडं चाललाय हे सांगायला एक अक्षर लिहावं लागणार नाही. तुझ्या हाताला हे जमेल, माझ्या नाही.

आवाजाचंही तसंच. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त. त्यामुळं माणसाच्या दोन्ही कानांना तो जवळजवळ एकदमच पोचतो आणि कुठनं येतोय ते कळत नाही. तुझा गडी निम्मा माणूस ना? मग ट्रॉलरचं इंजिन त्याला सगळीकडनं ऐकू येऊ दे. तू त्याला एकदम दिशा कळवून टाकलीस आणि मग तरी तो जाळ्यात जातो. म्हणजे नायक बावळट ठरला की रे!

एक गोष्ट मात्र मी विनंती म्हणून लिहीत नाही, काढच म्हणून लिहितोय. लहानपणी बुडी मारायच्या आधी तो भराभर श्वास घेतो, छाती भरतो आणि मग विहिरीचा तळ गाठतो, ते पान. श्वास कोंडल्यावर जो जीव घाबरतो तो प्राणवायू संपल्यामुळं नव्हे, अंगात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळं. भराभर श्वास घेतले की तो आधीच कमी होतो, प्राणवायू मात्र फारसा वाढत नाही. मग पाण्याखाली घाबरायची सूचनाच मिळत नाही. आतला प्राणवायू संपतो आणि चांगला पट्टीचा पोहणारा शुद्ध हरपून बुडतो, तेही काही न कळता. आपल्याकडं उन्हाळ्यात पोरं विहिरींवर पडीक असतात. तुझं पान बघून एकानं जरी ते केलं तर? मुटके मारू दे, सूर मारू दे, तळातली माती वर आणू दे. पण ते दहा श्वास नकोत.

बरं, आता खरं दुखणं. दर्याधर डेकवर पडलाय, कल्ले वाळतायत, जीव कासावीस झालाय. आणि इथं तू चार पानं त्याचं मूळ सांगत बसतोस! आई समुद्राची राणी, बाप दीपगृहावर, वादळ, प्रेम, ताटातूट. वाचक म्हणून मला तो डेकवरचा गडी दिसायचाच बंद झाला.

शिवाय ही गोष्ट जगात आधी होऊन गेलीय. अमेरिकन कॉमिकमधल्या ॲक्वामॅनचा बाप टॉम करी दीपगृहाचा रखवालदार, आई ॲटलांना ही अटलांटिसमधनं हाकललेली. मरताना ती पोराला त्याचं मूळ सांगते. ही १९५९ सालची गोष्ट. पण ॲक्वामॅन त्याच्या १८ वर्षं आधीचा आहे. १९४१ मध्ये मॉर्ट वाइसिंगर आणि पॉल नॉरिस यांनी तो पहिल्यांदा आणला तेव्हा राणीबिणी काही नव्हती. बाप समुद्राचा अभ्यासक. बायको गेल्यावर त्यानं स्वतःला कामात गाडून घेतलं, त्याला पाण्याखाली एक प्राचीन शहर सापडलं, तिथंच त्यानं पाणी आत शिरणार नाही असं घर केलं आणि पोराला पाण्यात श्वास घ्यायला शिकवलं. शिकवलं, बापू! रक्तातनं आलेलं काही नाही. सगळा सराव आणि बापाच्या अभ्यासातलं ज्ञान.

मला ही पहिली गोष्ट जास्त आवडते. ती का बदलली असेल याचा अंदाज येतो: राजपुत्र विकायला सोपा. एकदा आई राणी झाली की सिंहासन आलं, सिंहासन आलं की भाऊबंदकी आली, आणि पुढची ६० वर्षं लिहायची सोय झाली. पण पोरगं वाचताना काय म्हणतं? 'मला नाही जमणार, माझी आई राणी नाही.' पहिल्या गोष्टीत तसं म्हणायला जागा नाही.

आणि मूळ आठवलं म्हणजे माणूस वाचतोच, हेही तू गृहीत धरलंस. तिकडच्याच कॉमिकमधला दुसरा पाण्यातला नायक, नेमोर, बघ. ॲक्वामॅनच्या दोन वर्षं आधीचा, १९३९ चा, बिल एव्हरेटचा. बाप अमेरिकन जहाजाचा कप्तान, आई समुद्रातली राजकन्या. पुढं १९६२ च्या एका गोष्टीत तो न्यूयॉर्कच्या बावरी भागात, भणंगांच्या निवाऱ्यात दाढी वाढवून पडलेला सापडतो. आपण कोण हेच विसरलाय. त्याची ओळख पटलेला एक तरुण नायक त्याला नेऊन समुद्रात टाकतो. पाणी लागताच सगळं आठवतं. तो आपलं शहर शोधत खाली जातो आणि बघतो तर अणुचाचण्यांनी ते उद्ध्वस्त झालेलं, माणसं परागंदा. तिथनं वर येतो तो माणसांवर सूड उगवायला. विसरलेला होता तोवर निरुपद्रवी होता रे.

हे मला फार खरं वाटतं. आपल्या भागात मूळ आठवून देणाऱ्यांची कधी वाण पडली नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, त्यानंतर जन्मलेला प्रत्येक जण ते ऐकतच वाढला, आपण दोघंही. त्या आठवणीनं काही जणांना पाठीचा कणा दिला आणि काही जणांना नुसता आवाज. तेव्हा दर्याधरला मूळ आठवलं, तो गरजला, जाळं तुटलं, असं नको करू. आठवणीनं काम केलं पाहिजे. हातानं करायचं काम.

मग त्याला काय आठवावं? ऐक. माझ्याकडं एक तोडगा आहे, आणि तो तुझ्याच गावचा.

मासा हवेत का मरतो? हवेत प्राणवायू २१ टक्के, पाण्यात विरघळलेला त्या मानानं नगण्य. तरी तडफडतो. कारण पाण्याबाहेर कल्ल्यांच्या पातळ पाकळ्या एकमेकींना चिकटतात आणि हवा घ्यायला जागाच उरत नाही. आजूबाजूला भरपूर असून घेता येत नाही. पण खेकडा? त्यालाही कल्लेच आहेत, तरी तो बांधावरनं, रस्त्यावरनं, पार अंगणापर्यंत येतो. त्याचे कल्ले ताठ, कवचाखालच्या पोकळीत झाकलेले. ते ओले आहेत तोवर तो हवेवर काढतो. वाळले की संपला.

आठव आता तुमच्या घरचा पावसाळा. रात्री कंदील घेऊन भाताच्या खाचरात खेकडे धरायचे, बुट्टीत टाकायचे, आणि घरी आल्यावर आजी वर ओलं गोणपाट टाकायची. सकाळपर्यंत खुडबुड ऐकू यायची. आपण झोपायच्या आधी तिचं ठरलेलं असायचं: "पाणी मार रं वरनं, वाळली की मरत्यात." ही आजी तुझ्या गोष्टीत कुठंच नाही! समुद्राच्या राणीला चार पानं, आणि जिनं ओलं गोणपाट टाकलं तिला एक ओळसुद्धा नाही.

म्हणून म्हणतो, डेकवर पडलेल्या दर्याधरला राणी आठवू नये. बुट्टी आठवावी. एक पान पुरे: कंदील, बुट्टी, गोणपाट, आजीचा हात. पुढच्या चौकटीत तो डोळे उघडतो आणि ट्रॉलरवर काय काय आहे ते बघतो. मासळी ठेवायचा बर्फ असतो. त्याचं वितळलेलं पाणी असतं. ओल्या दोऱ्या, ओली पोती. तो समुद्राकडं उडी मारायची धडपड सोडून देतो, कारण तेवढी ताकद उरलेलीच नाही. उलट सरपटत बर्फाच्या कप्प्याकडं जातो आणि ओलं पोतं ओढून कल्ल्यांवर घेतो. खलनायक त्याला मेलेला समजून इंजिन बंद करतो, जेवायला बसतो. पुढचं तू बघ. मारामारी तुला माझ्यापेक्षा चांगली येते.

यात तुझ्या राणीलाही मारायचं कारण नाही. ती असू दे, पण दुसऱ्या भागात, आणि तिला पोराकडनं काहीतरी शिकायची पाळी येऊ दे. तिनं आयुष्यात कोरडं काय असतं ते बघितलेलंच नसणार.

बोलण्याबद्दल एकच. कणकुंबीकडचा पोरगा आणि "मातृभूमीचे ऋण मी फेडीन" म्हणतो? त्याला आपल्यासारखं बोलू दे. चिडला की कन्नडमध्ये शिवी येऊ दे, ट्रॉलरवरच्या खलाशाशी कोकणीत बोलू दे. आपल्याकडचं कुठलंही पोरगं बाजारात एवढं करतंच. पुण्याचा प्रकाशक कुरकुरेल. कुरकुरू दे.

पोरीचं मत विचारशील म्हणून सांगतो. तिला लढाई आवडली. पण विहिरीच्या पानावर ती अडली होती. म्हणाली, पाठीला सुका भोपळा बांधून त्याला पाण्यात ढकललं कुणी, ते दाखवलंच नाही. मी बघितलं तर खरंच, नुसता एक हात आहे चौकटीच्या कडेला. तो हात कुणाचा आहे ते आधी ठरव. माझं म्हणशील तर आजीचाच. आणि पोराला पोहता यायला लागल्यावर भोपळा सोडणाराही तोच असू दे.

गणपतीला येतोयस ना? आणखी लवकर आलास तर बरं. खेकडे बघून काढायचे असतील तर हेच दिवस आहेत. जांबोटीच्या वाटेला शेतातनं फिरू, तू कागद भिजवू नकोस म्हणजे झालं. घरी सगळे बरे आहेत. वहिनींना नमस्कार सांग, आणि त्यांना विचार, त्या भोपळ्याची दोरी तू छातीला बांधलीयस ती पाठीवर गाठ मारून की पुढं? मला चित्रावरनं कळलं नाही, आणि पुढं गाठ मारली तर पोरगं बुडेल.

तुझा,
अण्णू