कंट्रोल सरफेसचं माप शिकवणाऱ्या दादांना

प्रिय दादा,

रेडिओ कंट्रोल विमानांचे आमचे आराखडे तपासून, कंट्रोल सरफेसचा, म्हणजे विमान वळवणाऱ्या हलत्या फळ्यांचा, हिशेब समासात मांडून तुम्ही परत देता आणि त्याचा कसलाही मोबदला घेत नाही. त्याबद्दल आम्हा सगळ्यांकडून मनापासून आभार.

एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या फळ्या) दोन्ही मिळून पंखाच्या क्षेत्रफळाच्या साधारण १० टक्के ठेवावेत, हे बहुतेकांना माहीत असतं. ते १० टक्के रुंदीत किती आणि लांबीत किती घालायचे, हे तुमच्यामुळे कळलं. पंख टोकापासून टोकापर्यंत १५०० मिमी लांब आणि २५० मिमी रुंद असेल, तर दर बाजूला ६२ मिमी रुंद, ३०० मिमी लांब एलेरॉन बसतो. किंवा ३० मिमी रुंद, ६२५ मिमी लांब पट्टी. क्षेत्रफळ जवळपास तेवढंच. पण सर्व्होवरचा, म्हणजे फळी हलवणाऱ्या छोट्या मोटरवरचा, भार लांबीच्या प्रमाणात वाढतो आणि रुंदीच्या वर्गाच्या प्रमाणात. त्यामुळे त्याच वेगाला, त्याच कोनात अरुंद पट्टीला साधारण निम्माच टॉर्क (फिरवायचा जोर) लागतो.

मात्र लांब पट्टी पिळते. बाल्साचं हलकं लाकूड मऊ, हॉर्न (फळीवरची छोटी दांडी) एका टोकाला आणि सर्व्होपासून हॉर्नपर्यंतचा पुशरॉड ढिला असेल, तर वेगात फ्लटर होतो, म्हणजे फळी जोरात फडफडते, आणि बघता बघता बिजागऱ्या उपटून येतात. म्हणून कडक बाल्सा आणि हॉर्न लांबीच्या मध्याजवळ, हा तुमचा आग्रह आम्हाला शंभर टक्के पटतो.

शेपटीचं गणित सोपं: ट्रेनरला (शिकायच्या विमानाला) एलिव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारी फळी, आडव्या शेपटीच्या पाव हिस्सा पुरतो, कसरतीच्या विमानाला ४० टक्के किंवा जास्त. रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारी फळी) उभ्या शेपटीच्या एक तृतीयांश ते निम्मा.

थ्रो, म्हणजे फळी किती हलते ते, मिलिमीटरमध्ये मोजायची तुमची सवय फार उपयोगाची. १५ अंश म्हणजे ६२ मिमीच्या एलेरॉनला मागच्या कडेशी १६ मिमी, ३० मिमीच्या पट्टीला जेमतेम ८. एवढा थ्रो रेडिओवर टक्के कापून आणू नका, सर्व्होच्या आर्मवर आतलं भोक घ्या, हेही तुम्हीच बजावलंत. टक्के कापले की सर्व्होची बारीक हालचाल जाते आणि जोडणीतली ढिलाई तेवढी उरते. हॉर्नचं भोक बिजागरीच्या रेषेवर नसलं की वरचा आणि खालचा थ्रो सारखा येत नाही. एलेरॉनला असा फरक हवाच असतो, वर १५ अंश तर खाली ८, म्हणजे वळताना नाक उलट बाजूला ओढलं जात नाही. एलिव्हेटरला तो नको.

आणि बिजागरीची फट! एलेरॉन पूर्ण वर वळवून खालून पारदर्शक टेप आत दाबायची, ही तुमची सूचना आता आमच्या प्रत्येक आराखड्यावर लिहिलेली असते.

तुमचे कृतज्ञ,
आराखडे पाठवणारे आम्ही सगळे