पत्ता अपुरा: लांज्याच्या मोबाईलवाल्या मुलीस

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

तुझं नाव लिहू नका म्हणालीस, म्हणून लिहीत नाही. "मालक म्हणतील, तीस हजारांचं गिऱ्हाईक तेरा हजारांत वाटेला लावलं," हे तुझेच शब्द. मी नोकरीत असताना असलं बिननावाचं पाकीट हातात आलं असतं तर 'पत्ता अपुरा' असा शेरा मारून परत धाडलं असतं. पण लांज्याच्या एसटी स्टँडजवळ मोबाईलची दुकानं असून असणार किती, आणि त्यात गिऱ्हाइकाला "आज फोन घेऊ नका, घरी जा" म्हणणारी पोरगी किती? पोचेल पत्र.

जन्मभर मी दुसऱ्यांची पत्रं वाटली. चाकरमान्यांच्या मनीऑर्डरी वाटल्या, नवऱ्याचं पत्र ओटीवर बसून बायकोला वाचून दाखवलं, तिचं उत्तर लिहून पेटीत टाकलं. स्वतःचं म्हणून पत्र लिहायची वेळ फार थोडी आली. इकडचं तिकडे होईल, सांभाळून घे.

मे महिन्याच्या शेवटी मी आलो तेव्हा माझ्या जुन्या फोनाचं पाठीमागचं झाकण एका कोपऱ्यात उचललेलं होतं. मला वाटलं, पडून पडून सैल झालंय. रबर लावून आणला होता. तू तो हातात घेतलास, काउंटरवर आडवा ठेवलास आणि बोटाने हलकेच फिरवलास. तो भोवऱ्यासारखा गरकन फिरला. म्हणालीस, "काका, सपाट वस्तू अशी फिरत नाही. बॅटरी फुगलीय. रात्री कुठे ठेवता?" मी म्हटलं, उशाशी. तू काही बोलली नाहीस, पण तुझा चेहरा मी बघितला. फोन बंद केलास, चार्जिंगला परत लावू नका म्हणालीस आणि तो दुकानाच्या मागच्या लादीवर, पुठ्ठ्यांपासून लांब नेऊन ठेवलास. त्या उशाशी माझी नातवंडंही झोपून गेली होती मे महिन्यात. आभार मानायचे तर पहिले त्याचेच.

मग मी खिशातून थोरल्याने लिहून दिलेली चिठ्ठी काढली. थोरला नालासोपाऱ्याला असतो. १२ जीबी रॅम (फोनाची चालू कामाची मेमरी), २०० मेगापिक्सेल, फाईव्ह-जी, आणि 'बाबा, तीस हजारांच्या खाली बघू नका'. पोराचा जीव आहे माझ्यावर, खोटं कशाला बोलू. तू चिठ्ठी वाचलीस, घडी घालून मला परत दिलीस आणि विचारलंस, "काका, घरात रेंज कुठे येते?"

मी सांगितलं, फणसाखाली. पावसात छत्री घेऊन.

त्यावर तू म्हणालीस ते मी वाडीत दहा जणांना सांगितलं असेल: "मग तीस हजारांचा फोन घेऊन पण फणसाखालीच जाणार ना तुम्ही?"

आणि मला परत पाठवलंस. दोन दिवस शेजाऱ्यांचे फोन मागून घ्या, वेगवेगळ्या कंपन्यांचे. माजघरात, पडवीत आणि खळ्यात उभं राहून सकाळ, दुपार, रात्र एकेक फोन लावा. काड्या किती दिसतात ते बघू नका, समोरच्याला नीट ऐकू येतं का ते विचारा. हे काम माझ्या आवडीचं निघालं. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला रकाने आखले, पेन्सिल कानावर ठेवली आणि टपालाच्या बिटावर निघाल्यासारखा घरातल्या घरात फिरलो. सौ. म्हणाली, हे रिटायर झालेत हे कोणीतरी यांना सांगा. एका कंपनीच्या काड्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, भरून दिसायच्या, माजघरात आलं की औषधालाही नाही. दुसरीची पडवीत एकच काडी, पण आवाज खणखणीत. तिसरी नुसती फणसाखाली, आणि नेमकी माझं सिम तिचंच.

असं का होतं ते तू ज्या तऱ्हेने सांगितलंस ते कुठल्या इंजिनिअरला जमलं नसतं. "शिमग्यात पालखी वरच्या वाडीत असते तेव्हा काय ऐकू येतं, काका? ढोल. ताशा कधी ऐकू येतो? पालखी दारात आल्यावर." टॉवरचंही तसंच. ७०० नि ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी ढोलासारख्या, लांब जातात, जांभ्याच्या जाड भिंतीतूनही बऱ्यापैकी आत शिरतात. वरच्या वारंवारतेच्या ताशासारख्या. नेट पळतं जोरात, पण टॉवर जवळ हवा. शिवाय आमच्या पडवीवर पत्रा आहे, तो लाट परतवतो. म्हणून कंपनी आधी, फोन नंतर. आणि फोन घेताना तो 'ढोल' त्याला ऐकू येतो का, म्हणजे त्या लहरींचे बँड त्यात आहेत का, तेवढं तू दुकानातल्या कॉम्प्युटरवर बघून घेतलंस. फाईव्ह-जी देशात १ ऑक्टोबर २०२२ ला आलं, आमच्या वाडीत अजून यायचंय. आलं तर या फोनात चालेल, पण त्यासाठी वेगळे पैसे मोजायला तू मला लावलं नाहीस.

कंपनी बदलायची म्हटल्यावर माझे हातपाय गळाले होते. पेन्शन, आधार, बँक, गॅस, सगळं त्या एका नंबराला बांधलेलं. नंबर तोच राहतो हे मी ऐकून होतो, विश्वास नव्हता. तू म्हणालीस, "काका, माणूस घर बदलून गेला तर त्याची पत्रं तुम्ही काय करायचात?" नवा पत्ता घालून वळती करायचो. "हे तेच." बस्स, डोक्यात प्रकाश पडला. २०११ च्या जानेवारीपासून ही सोय सगळ्या देशात आहे आणि मी इतकी वर्षं फणसाखाली उभा!

पुढचं सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. पोर्ट असं इंग्रजीत लिहून, जागा सोडून नंबर, आणि मेसेज १९०० ला. तो करायलाही छत्री घेऊन फणसाखालीच गेलो. आठ अक्षरी कोड आला. तो चारच दिवस चालतो म्हणून आधी मागवू नका हे तू बजावलं होतंस. रिचार्जचे चौदा दिवस शिल्लक होते, कंपनी बदलली की ते बुडतात, म्हणून तेवढे दिवस थांबायला लावलंस. दुसरं दुकान असतं तर त्याच दिवशी सिम हातात कोंबलं असतं. माझा नंबर मुंबईचा, थोरल्याकडे राहायला गेलो होतो तेव्हा माझ्या नावावर घेतलेला. मला वाटायचं मुंबई काय नि लांजा काय, एकच महाराष्ट्र. तर म्हणे टेलिफोनच्या नकाशात मुंबई वेगळी आणि महाराष्ट्र-गोवा वेगळं. त्यामुळे तीनऐवजी पाच कामाचे दिवस. पाचव्या दिवशी रात्री जुनं सिम मेलं, नवं जिवंत झालं. पहिला फोन मी माजघरातून केला, देवाजवळ बसून. थोरल्याने विचारलं, "बाबा, पाऊस थांबला का? आवाज येत नाही पावसाचा."

आता रिचार्जचं. तू कॅल्क्युलेटर माझ्यापुढे सरकवलास. वर्षाचे दिवस ३६५. रिचार्ज २८ दिवसांचा. भागा. तेरा. "आणि काका, पेन्शन किती वेळा येते?" बारा. इतकी वर्षं मी एक महिना जास्तीचा भरत होतो आणि मला वाटत होतं दर महिन्याला भरतोय! ३० दिवसांचा आणि दर महिन्याच्या त्याच तारखेचा असा एकेक पॅक सगळ्या कंपन्यांनी ठेवायलाच हवा असं ट्रायने, म्हणजे टेलिफोन कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२२ मध्ये सांगितलंय हेही तुझ्याकडूनच कळलं. दुकानातल्या रंगीत बोर्डावर तो नव्हता, तू खाली ॲपमध्ये शोधून काढलास. मग सेटिंगमध्ये जाऊन मी महिन्याला नेट किती वापरतो ते दाखवलंस. सात-आठ जीबी. भरत होतो रोजच्या दीड जीबीचे पैसे.

पण कडी केलीस ती सौ.च्या फोनावरून. तिचा बटणांचा साधा फोन, पोरीशी बोलण्यापुरता.

"काकूंच्या फोनात नेट चालतं?"

"नाही."

"मग त्यांचं रोजचं एक जीबी कोण खातं, काका?"

मी हसलो खरा, घरी गेल्यावर हिशेब केला तेव्हा हसू आलं नाही. नेट नको, नुसतं बोलणं आणि मेसेज एवढाच पॅक ठेवायचा असं ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना बंधनकारक केलं, आणि मुदत ३६५ दिवसांपर्यंत देता येते. सौ.ला तो वर्षाचा मारलास. तिची कंपनी मात्र बदलू दिली नाहीस. एक तर तिच्या जुन्या फोनाला टू-जी, म्हणजे जुनं नेटवर्क, लागतं आणि ते सगळ्या कंपन्यांकडे नाही. दुसरं, पावसात एकीचा टॉवर आडवा झाला तर दुसरीचा घरात असावा. जुलैत दोन दिवस लाईट नव्हते तेव्हा तसंच झालं. माझा तीस हजारी नसलेला फोन मुका, आणि सौ.चं बटणांचं डबडं वाडीचं टेलिफोन ऑफिस.

आणि मग शेवटी, तिसऱ्या फेरीत, फोन. थोरल्याच्या १२ जीबीची तू जी चिरफाड केलीस ती मी त्याला अजून सांगितलेली नाही. एका खोक्यावर मोठ्या अक्षरात १२ होतं. तू बारीक अक्षरं दाखवलीस, सहा अधिक सहा. सहा खरी रॅम, सहा साठवणुकीतून उसनी घेतलेली. "उसन्या तांदळाचं जेवण," म्हणालीस. मागचे तीन कॅमेरे बघून मी हरखलो तर त्यातला एक दोन मेगापिक्सेलचा, शोभेचा. मेगापिक्सेलपेक्षा तुला दोन गोष्टींची पडली होती. एक, सुरक्षेचे अपडेट किती वर्षं मिळणार, कारण पेन्शन याच फोनात बघणार. दुसरी, पुढचा कॅमेरा. हयातीचा दाखला आता फोनातून चेहऱ्यावरून निघतो, त्याला पुढचा कॅमेरा निदान पाच मेगापिक्सेल लागतो. माझ्या बोटांचे ठसे मशिनवर उमटत नाहीत. शिक्क्याची शाई, डिंक आणि नंतर शेतातली माती, काही शिल्लक ठेवलं नाही. हे मी बोलता बोलता सांगितलं होतं, तू ध्यानात ठेवलंस.

दोन फोन माझ्या हातात देऊन मला भर उन्हात रस्त्यावर उभं केलंस. कुठल्या स्क्रीनवरचं वाचता येतं, बघा. एकावर मला माझंच तोंड दिसत होतं. दुसरा घेतला. खोक्यावरचा आयएमईआय (फोनाचा ओळख नंबर), फोनात स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून आलेला आणि बिलावरचा, तिन्ही आकडे मला मोठ्याने वाचायला लावलेस. रजिस्टरची डाक अशीच ताडून घ्यायचो आम्ही.

एका बाबतीत मात्र चुकलीस, सांगून ठेवतो. स्क्रीनवर बोट लावलं की फोन उघडेल म्हणालीस. नाही उघडत. वर सांगितलंच का ते. आकडे घालून उघडतो. आणि मराठीत बोललं की लिहितो हे खरं, हे पत्र निम्मं बोलूनच लिहिलंय, पण 'सडा' म्हटलं की 'साडी' लिहितो. सौ.ने वाचलं तेव्हा सड्यावर रेंज भरून येते याऐवजी साडीवर येते असं होतं. तिने ते पोरीला कळवलं, पोरीने सगळ्या नातेवाईकांच्या ग्रुपवर.

तुझ्या मालकांशीही एकदा बोलायचं आहे. तीस हजारांचं गिऱ्हाईक तू गमावलं नाहीस म्हणावं. वाडीतली पाच माणसं आतापर्यंत तुझ्याकडे येऊन गेली, कोणी सांगितलं नसेल कोणी पाठवलं ते. गणपतीला चाकरमानी येतील, तेव्हा आणखी येतील. थोरला पण येईल. त्याच्या हाती तीस हजारांचा फोन असेल आणि तो फणसाखाली उभा असेल. मी माजघरातून त्याला फोन लावणार आहे.

नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला येतो. नव्या भाताचे पोहे कांडून झालेले असतील, घेऊन येतो. एक पुडी मालकांची.

कळावे,
तुझा पोस्टमनकाका

ता. क. तेवढी घंटी बदलून दे. सौ.ला वाटतं शेजाऱ्यांचा वाजतोय आणि ती उचलतच नाही.